तेल-पाणी ओळखणारा प्रोब: तीन वर्षं वापरल्यावर

गळक्या पेट्रोल टाक्यांभोवती खोदलेल्या मॉनिटरिंग वेल मोजत फिरणं हे माझं काम. वेल म्हणजे काय, तर दोन इंची प्लॅस्टिकचा पाइप, खालच्या भागात बारीक चिरा पाडलेल्या. पेट्रोलची घनता साधारण ०.७४, पाण्याहून हलकं, त्यामुळे जमिनीत झिरपलं की ते भूजलावर तरंगत बसतं. तो थर किती जाड आहे हे दर फेरीला मोजावं लागतं.

आधी मी पेस्टवाली होते. टेपला एक पेस्ट पाणी दाखवणारी लावायची, एक पेट्रोल दाखवणारी, आणि रंग कुठे बदलला ते डोळे ताणून बघायचं. हात बरबटायचे ते वेगळंच. पारदर्शक बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली पाणी काढायची नळी, सोडून बघणारेही आहेत, पण बेलर आत जाताना थर ढवळतो, आकड्यावर भरवसा राहत नाही.

हा प्रोब म्हणजे टेपला लावून वेलमध्ये सोडायचं यंत्र; त्याच्या टोकाशी दोन गोष्टी आहेत. प्रकाशाच्या सेन्सरला द्रव लागला की कळतं. शेजारचे इलेक्ट्रोड त्या द्रवातून वीज वाहते का ते बघतात. द्रव आहे पण वीज वाहत नाही, म्हणजे पेट्रोल: सलग सूर. वीज वाहिली, म्हणजे पाणी: तुटक टूं-टूं. मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. एक खुबी मात्र मला उशिरा कळली. थराचा वरचा काठ प्रोब खाली सोडताना घ्यायचा, पण पेट्रोल आणि पाण्याची सीमा पाण्यातून वर ओढताना. खाली जाताना टोकाला पेट्रोल माखलेलं असतं, त्यामुळे पाणी लागलंय हे त्याला उशिरा उमगतं. पहिले दोन महिने मी उलटं करत होते, तेव्हाच्या नोंदी आता बघवत नाहीत.

अर्थिंगची क्लिप दिलेली आहे, ती लावाच. वेलच्या तोंडाशी वाफ साचलेली असते आणि प्लॅस्टिकवर टेप घासून स्थिर वीज तयार होते. आणि फेरी नेहमी स्वच्छ वेलपासून घाणेरड्या वेलकडे, मध्ये प्रत्येक वेळी प्रोब धुऊन. धुतला नाही तर सेन्सरवर तवंग बसतो आणि तो कोरड्या पाइपातही सूर लावतो.

आता आकड्याबद्दल. समजा पेट्रोल ६.४२ मीटर खोलीवर लागलं आणि पाणी ६.८२ वर. थर ४० सेंटीमीटर. त्या वजनाने पाणी खाली दाबलं गेलंय, म्हणून खरी पाणीपातळी काढायला ०.४० गुणिले ०.७४ करून ६.८२ पासून तेवढं वर सरकायचं: साधारण ६.५२. इतपत ठीक. पण हे ४० सेंटीमीटर पाइपातले आहेत. बारीक मातीत पाइपातला थर आजूबाजूच्या जमिनीतल्यापेक्षा कितीतरी जाड दिसू शकतो. एका जागेच्या मालकाने पाइपातल्या जाडीला जमिनीच्या क्षेत्रफळाने गुणलं आणि लिटरचा आकडा बघून त्यांची झोप उडाली. त्यांना समजावण्यात माझी दुपार गेली.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. पाणीपातळी वर चढली की पेट्रोल मातीच्या कणांत अडकून बसतं आणि वेलमधला थर नाहीसा होतो. प्रोब गप्प. सगळे खूश. पातळी उतरली की तोच थर हजर. पाण्यात विरघळलेलं बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, तर या प्रोबला कधीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. त्याच्या शेकडो पट असलं तरी हा बापडा ‘पाणी’ म्हणूनच टूं-टूं करणार. त्यासाठी ४० मिलिलिटरच्या कुप्या बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून, थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवणं आलंच. जमिनीतलं पेट्रोल उपसणारं पंपिंग बंद करायचं का, हे फक्त या प्रोबच्या भरवशावर ठरवणारे लोक मी पाहिलेत. दोष यंत्राचा नाही.

तरंगता थर मोजायचा असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त विरघळलेल्या प्रदूषणाच्या जागा असतील तर साधा पाणीपातळी मीटर पुरे, पैसे वाचवा. घेताना सर्वात खोल वेलपेक्षा लांब टेप घ्या; माझी तोकडी पडली होती. बॅटरी भरपूर टिकते. टेपवरचे आकडे अजून स्वच्छ वाचता येतात. रिळाचा ब्रेक मात्र दुसऱ्याच वर्षी गेला, तेव्हापासून मी रबरबँड लावून काम भागवते.