ॲपच्या कॅबचा अपघात: ‘क्लेमवाल्या’च्या कागदावर सही करण्याआधी हे वाचा

जखमी प्रवासी वॉर्डात पडून असतो, घरचे बिलाच्या खिडकीशी उभे असतात, आणि फाइल घेतलेला एक माणूस खाटेपाशी येतो. कॅबचा नंबर त्याला आधीच ठाऊक असतो. ‘क्लेमचं सगळं मी बघतो, तुमचा एक रुपया खर्च नाही. पैसे आले की तीस टक्के द्या.’ मग तो चार-पाच सह्या घेतो: कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर, आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवर. शेवटी ‘सिक्युरिटी’ म्हणून सही केलेले दोन कोरे चेक मागतो. अपघाताची खबर त्याला वॉर्डबॉयकडून, ॲम्ब्युलन्सवाल्याकडून किंवा चौकीतून मिळालेली असते.

या माणसाला दारातच थांबवता येते, कारण तो जे काम विकतो ते कायद्याने पोलिसांवर सोपवलेले आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपासी अंमलदाराने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म १० दिवसांत द्यायचा असतो आणि गाडी, चालक, मालक, विमा, उपचार यांचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणात दाखल करायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(४) प्रमाणे न्यायाधिकरणाने पोलिसांचा हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरायचा असतो. पण मागितल्याशिवाय यातले बरेच कागद हातात पडत नाहीत. म्हणून घरच्यांपैकी एकाने ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

तीस टक्क्यांचा सौदा तर मुळातच बेकायदा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही, भरपाईत वाटाही घेता येत नाही. दलाल पाठवून पक्षकार गोळा करण्यालाही बंदी आहे. फी आधी ठरवावी, लेखी ठरवावी आणि पावती घ्यावी. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याची हेल्पलाइन १५१०० आहे.

दलालाला एवढी घाई का असते, हे आकड्यांत पाहा. वय ३२, महिना ३०,००० रुपये कमाई, पक्की नोकरी नाही, पाय मोडल्याने कामाची क्षमता २० टक्के कमी झाली, असे धरू. वर्षाचे ३,६०,००० होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) पुढच्या कमाईसाठी ४० टक्के वाढवले की ५,०४,०००. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, १६ आहे, म्हणजे ८०,६४,०००. त्याचे २० टक्के १६,१२,८००. उपचार, औषधे, बुडालेला पगार, सोबतच्या माणसाचा खर्च आणि यातना यांची भरपाई वेगळी. या १६ लाखांतून दलाल पावणेपाच लाखांच्या वर उचलतो. ठाण्याच्या आवारात ‘मिटवून टाका’ म्हणत जखमीला २०-२५ हजार देऊ करतात, ते याच रकमेच्या जागी.

मिटवण्याची बोलणी बहुतेक गाडीचा मालक करतो. ॲपच्या बऱ्याच गाड्या चालकाच्या नसतात. मालक चार-सहा गाड्या भाड्याने लावतो आणि चालकाला रोजावर ठेवतो. दोघे हात जोडतात, ‘दवाखान्याचं सगळं बिल आम्ही भरतो’ म्हणतात आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा जबाब लिहून घेतात. डिस्चार्जच्या दिवशी फोन बंद असतो. हा जबाब दिल्याने भरपाईचा हक्क बुडत नाही, पण विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत पहिला कागद तोच काढतो. बिलाची भीती हेच इथले आमिष असते. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या विनारोख उपचार योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. दाखल होतानाच त्याची चौकशी करा आणि केस पेपरवर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) अशी नोंद झाली आहे ना, ते पाहा. ‘घरात पडलो’ असे कुणी लिहायला सांगितले तर मुळीच ऐकू नका. त्या एका ओळीवर आख्खा दावा फेटाळला जाऊ शकतो.

पोलीस एफआयआर घेत नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी, तरीही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. एफआयआरला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितले आहे.

मुदतीचा सापळा याहून वाईट. कलम १६६(३) प्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. दलाल ‘केस टाकली आहे, तारीख पडेल’ असे सांगत राहतो आणि प्रत्यक्षात काहीच दाखल झालेले नसते. त्याला एकच प्रश्न विचारा: सीएनआर नंबर काय? हा १६ अक्षरी-अंकी क्रमांक ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की दाव्याची तारीख, पक्षकार, वकिलाचे नाव, सगळे दिसते. नंबर देता येत नसेल तर केस टाकलेलीच नाही, असे धरून चाला. दावा अपघाताच्या ठिकाणीच टाकावा लागतो हेही खोटे आहे. अपघात मुंबईत झाला आणि जखमी सोलापूरला राहतो, तर सोलापूरच्या न्यायाधिकरणात दावा चालतो.

आणखी एक सही फार जपून करायची. कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. हाड मोडणे गंभीर दुखापतीत येते. ही सोय चांगली आहे, पण विमा कंपनीच्या तडजोडीतून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाला कुणी ‘अडीच लाख लगेच मिळतात, घेऊन टाका’ म्हणाले, तर तो १६ लाखांवर पाणी सोडतो आणि त्याला ते कळतही नाही. लोकअदालतीतली तडजोडही अशीच पक्की असते, तिच्यावर अपील नाही. आकडा स्वतः ऐकल्याशिवाय, मराठीत वाचून घेतल्याशिवाय तिथे सही करू नये.

पैसे मागायचे कुणाकडे, यावरही गोंधळ घातला जातो. ॲप कंपनी म्हणते, आम्ही फक्त मध्यस्थ. न्यायाधिकरणात चालक, मालक आणि गाडीची विमा कंपनी यांना प्रतिवादी करतात, आणि प्रवाशाला थर्ड पार्टी विम्याचे संरक्षण असते. समोरून ट्रकने धडक दिली आणि चूक दोघांची असेल, तर कॅबवर किंवा ट्रकवर, कुणावरही पूर्ण भरपाईचा दावा लावता येतो. प्रवाशाने दोष वाटून देण्याची गरज नाही. गाडीचा विमा चालू आहे का, ते एम-परिवहन ॲपवर दिसते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी किंवा दुचाकी भाड्याने चालवली जात असेल, तर विमा कंपनी अटींच्या भंगावर बोट ठेवते. अशा वेळी ‘आधी भरपाई द्या, नंतर मालकाकडून वसूल करा’ असा आदेश मागता येतो, पण तो दरवेळी मिळतोच असे नाही.

ॲपच्या ट्रिपवर वैयक्तिक अपघात विमा असेल तर तो वेगळा. चालकाने ‘ट्रिप कॅन्सल करा, कॅश द्या’ म्हटले आणि प्रवाशाने ऐकले की हा विमा गेला, सोबत प्रवासाचा डिजिटल पुरावाही गेला. अपघातानंतर ट्रिपचा स्क्रीनशॉट, पावतीचा ईमेल, चालकाचे नाव आणि गाडीचा नंबर लगेच जपून ठेवा. कंपनीला कळवायचे ते ॲपमधूनच. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस क्लेम मंजूर झाल्याचे सांगून ‘प्रोसेसिंग फी’ आणि ओटीपी मागतो. कोणत्याही खऱ्या क्लेममध्ये आधी पैसे भरावे लागत नाहीत. अशाने पैसे गेले तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मेडिक्लेम घेतला तर भरपाईतून तेवढे कापतात, ही भीतीही नको: मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये अशी वजावट करता येत नाही, असे ठरवले आहे.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे खोटे कागद. कॅबचा विमा संपलेला निघाला की दलाल विमा असलेली दुसरीच गाडी एफआयआरमध्ये घुसवतो, किंवा कधीही न तपासलेल्या डॉक्टरकडून ५० टक्के अपंगत्वाचा दाखला आणतो. विमा कंपनीचा तपासनीस हे शोधून काढतो आणि गुन्हा ज्याची सही आहे त्याच्यावर दाखल होतो. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावा, कारण त्यांना साक्षीला यावे लागते.

सह्या आधीच झाल्या असतील, तर आज बँकेत जाऊन कोऱ्या चेकचे नंबर देऊन पेमेंट थांबवा. तेवढ्याने भागत नाही, चेक बाउन्सची केस तरीही टाकली जाऊ शकते. म्हणून चेक कसे आणि कशासाठी घेतले ते लिहून ठाण्यात तक्रार द्या. बँक खाते, एटीएम कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःकडेच ठेवा. भरपाई थेट दावेदाराच्या खात्यात जमा करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे, तरी खातेच दलालाने उघडून दिलेले असेल तर उपयोग काय? वकील बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केले आहे. तो कागद देत नसेल तर दाखल झालेल्या दाव्याच्या नकला न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढा आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे वकिलांसाठीच्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करा.