हरणाचं कातडं कुणाला द्यायचं? पिअरसन, ट्रॅपर की खाटीक

रविवारी रात्री तासगावहून भाच्याचा फोन. “मामा, थ्री-स्टार हरीण मिळालंय. घोड्यावर टाकलंय. आता कुणाला देऊ?” रेड डेड रिडेम्प्शन २ हा काउबॉयचा व्हिडिओ गेम त्याने आत्ता घेतलाय. थ्री-स्टार म्हणजे त्यातला सगळ्यात उत्तम माल, त्याचंच कातडं परफेक्ट. मी २०१८ मध्ये पीएस४ वर खेळलो तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, म्हणून पहिलं परफेक्ट कातडं गेममधल्या व्हॅलेंटाइन गावच्या खाटकाला विकून मोकळा झालो. पुढे कळलं काय घालवलं ते.

त्याच्या घरी बेदाण्याचा धंदा, त्यामुळे एक गोष्ट चटकन समजली. गेममधलं अख्खं जनावर म्हणजे द्राक्ष, आणि सोललेलं कातडं म्हणजे बेदाणा. जनावर तसंच घोड्यावर घालून दोन दिवस हिंडलात तर ते सडतं, माशा घोंघावतात, भाव पडतो. कातडं टिकतं. म्हणजे गिऱ्हाईक जवळ असेल तर अख्खं न्या, लांब असेल तर तिथल्या तिथे सोला. मांस सॅचेलमध्ये, म्हणजे खांद्यावरच्या झोळीत जातं आणि सशा-खारीसारख्यांची बारीक कातडीही तिथेच मावतात. अडचण मोठ्या कातड्यांची. ती घोड्याच्या पाठीवर, आणि तिथे जागा मोजकीच.

आता गिऱ्हाइकं.

खाटीक सगळ्यात सोयीचा. व्हॅलेंटाइन, स्ट्रॉबेरी, सेंट डेनिस, गावात शिरलं की सापडतो. मांस, कातडं, पिसं सगळं घेतो आणि पैसे रोख. पण एकदा विकलं की विषय संपला, त्या कातड्यातून तुमच्यासाठी काही बनत नाही. एक-दोन स्टारचा माल इथे बिनधास्त घाला. तीन स्टारचा नको.

पिअरसन हा आपल्या टोळीचा आचारी. तो छदामही देत नाही. अख्खं जनावर दिलं की कॅम्पात मटणाचा रस्सा शिजतो आणि आर्थरची, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाची इभ्रतही थोडी वाढते. पण खरं कारण सॅचेल. कॅम्पाच्या लेजरमधून, म्हणजे हिशोबाच्या वहीतून, चामडं कमवायची अवजारं २२५ डॉलरला घ्यायची, मग पिअरसन एकेक सॅचेल शिवून देतो. सहा वेगवेगळी झाली की सातवी, ‘लेजंड ऑफ द ईस्ट’. तिच्यात प्रत्येक वस्तू ९९ मावतात. सातही सॅचेलना परफेक्ट हरणाचं कातडं लागतं, शिवाय शेवटच्या एकीला लांडगा आणि कूगर नावाचं मोठं रानमांजर. म्हणजे एकट्या हरणाचीच सात कातडी! भाच्याने हे ऐकलं आणि दोन सेकंद फोनवर गप्प झाला.

ट्रॅपर, म्हणजे कातड्यांचा व्यापारी, हा तिसरा, आणि थोडा नाटकी. सेंट डेनिसच्या बाजारात त्याचं दुकान आहे, बाकी जंगलात ठिकठिकाणी तंबू. तो पैसेही देतो आणि कातडं हिशोबात धरूनही ठेवतो. नंतर त्यातूनच कोट, टोपी, बूट शिवतो. एका ठिकाणी दिलेलं दुसऱ्या ठिकाणी चालतं. सोय म्हणावी तर इतकीच, कारण तो बहुतेक वेळा तुम्ही असाल तिथून लांबच असतो. दंतकथेतली म्हणजे लेजंडरी जनावरं मात्र त्याचीच. त्यातलं पहिलं अस्वल, ओक्रीग्ज रनच्या तळ्याकाठचं, टोळीतल्या होसियाबरोबर गाठायचं. त्याचं नाव भारती! सांगलीच्या माणसाला आधी भारती हॉस्पिटलच आठवणार. लेजंडरीचं कातडं वाटेत हरवलं तरी ट्रॅपरकडे पोचतं, म्हणून त्याची घाई नको आणि काळजीही नको.

मग निवड कशी करायची? मला विचाराल तर सॅचेल पूर्ण होईपर्यंत तीन स्टारचं लागणारं प्रत्येक कातडं पिअरसनला. ट्रॅपरचे कपडे दिसायला झकास, पण त्यांनी तुमची झोळी मोठी होत नाही. आणि या गेममध्ये दर दहा मिनिटांनी ‘जागा नाही’ वाचून जीव जातो. ज्याला सॅचेलची घाई नाही, नुसतं नटायचंय, त्याने खुशाल ट्रॅपर धरावा. २२५ डॉलर नसतील तर खाटकाकडे हलका माल ओतून ते आधी जमवा.

कातडं तीन स्टारचं राहायला हवं तर आधी दुर्बिणीतून जनावराचे स्टार बघा, मग हत्यार निवडा. हरणाला धनुष्य, डोक्यात एकच बाण. सशा-खारीला बारीक शिकारीचा बाण. शॉटगनचे छर्रे मारले की कातडं चाळणी. स्ट्रॉबेरीच्या पश्चिमेला माउंट शानजवळ लेजंडरी बक, म्हणजे नर हरीण, भेटतो. त्याच्या शिंगाचं लॉकेट चोरीचा माल घेणाऱ्याकडून बनवून घ्या, चांगलं कातडं मिळण्याची शक्यता वाढते. हे काम जितकं लवकर कराल तितकं बरं. सागरेश्वरला हरणं बघत वाढलेला भाचा मारताना जरा कचरतो, ते सोडा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, हा हट्ट गेममध्येच पुरवून घ्यावा.

आणि एक चूक करू नका, जी मी केली. कूगर मारला, कातडं खडकावर ठेवलं, म्हटलं समोर लांडगा दिसतोय तो घेऊन येतो. परत आलो तर खडक मोकळा. जमिनीवर ठेवलेली वस्तू गेम फार वेळ सांभाळत नाही. कूगर पुन्हा मिळवायला तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यातल्या दोन संध्याकाळी कूगरनेच मला मिळवलं.

भाच्याला सांगितलं, हॉर्सशू ओव्हरलुक, आपला कॅम्प, जवळ आहे ना? हरीण सोलू नकोस, तसंच घेऊन थेट पिअरसनकडे जा. दहा मिनिटांनी मेसेज आला. “मामा, वाटेत अजून एक थ्री-स्टार दिसलं. उतरू का?”

मी लिहिलं, “घोड्यावरून उतरलास तर माझ्याशी बोलू नकोस.”