कूलर बंद करून ऐका: चायकोव्हस्कीची पहिली सिंफनी, टिल्सन थॉमस आणि बोस्टन

रशियन संगीतकार चायकोव्हस्की म्हटलं की मंडळी थेट चौथी, पाचवी नाहीतर सहावी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) लावतात. १८६६ साली लिहायला घेतलेली पहिली, ‘हिवाळी स्वप्नं’, पडून राहते. कंडक्टर मायकल टिल्सन थॉमस यांचं बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचं १९७० चं ध्वनिमुद्रण (डॉइचे ग्रामोफोन कंपनी) ऐकून तिच्याबद्दलचं मत बदलेल. रचनेला हात घातला तेव्हा चायकोव्हस्की पंचविशीतला, आणि कंडक्टरही त्याच वयाचा. बिचकणं कुठेच नाही.

खरा ऐवज दुसऱ्या भागात. आधी म्यूट (आवाज मऊ करणारा चिमटा) लावलेली तंतुवाद्यं, मग ओबो या फुंकवाद्यावर लांबच लांब चाल. बॅसून हे खर्जातलं फुंकवाद्य खालून सोबत करतं, फ्लूट वरून नक्षी काढतो. पुढे तीच चाल हॉर्न पूर्ण ताकदीनं उचलतात. इथे रडवेपणा आणायचा मोह भल्याभल्यांना होतो. थॉमस लय ढळू देत नाहीत, म्हणून तो क्षण अंगावर येतो.

नागपुरात अडचण नेमकी इथेच. मे महिन्यात कूलर सुरू असलेल्या खोलीत या दुसऱ्या भागाची हळुवार सुरुवात ऐकूच येत नाही. पंख्याची घरघर खालचे सगळे स्वर गिळते. मग आपण आवाज वाढवतो, आणि चौथ्या भागात ट्रॉम्बोन, ट्यूबा, झांजा, मोठा ड्रम पहिल्यांदाच वाजतात. कानठळ्या! तेव्हा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या, रात्री पाऊण तास कूलर बंद ठेवा (तेवढा घाम चालतो) आणि अ‍ॅपमधलं ‘नॉर्मलायझेशन’ही (आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) बंद करा. ते प्रत्येक ट्रॅकला वेगळं लागू झालं, तर हळुवार भाग फुगतो, शेवटचा दबतो आणि रचनेतला चढउतारच जातो.

तिसऱ्या भागातला स्केर्झो (चपळ, खेळकर तुकडा) चायकोव्हस्कीच्याच आधीच्या पियानो सोनाटातून उचललेला. मधला वॉल्ट्झ मात्र नवा, पुढच्या बॅलेंची चाहूल देणारा.

शेवटचा भाग कच्चा. लोकगीताची धून झकास, पण मधला फ्यूगसारखा (एकच धून वाद्यं एकामागून एक उचलतात तसा) तुकडा परीक्षकांना दाखवायला घातल्यागत वाटतो. तिथे थॉमसही हतबल. तरी १८७४ मध्ये चायकोव्हस्कीनं ही सिंफनी दुरुस्त केली, टाकली नाही.

जुनी टेप असल्यानं शांत जागी हलकी सरसर येते. ती खटकत असेल तर डिजिटल मुद्रण शोधा. नवख्यांनी दुसरा भाग आधी ऐकावा, मग पहिल्यापासून सगळं.