स्पिंडलचा वेग बदलत नाही म्हणून व्हीएफडी बदलून देणाऱ्यांपासून सावध राहा

नागपूरच्या लकडगंजमध्ये देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि दारावरच्या पाट्या कोरणाऱ्या एका कारागिराचे १९,००० रुपये एका सेटिंगपायी गेले. मशीन ६०४० मापाचं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आदेशावर कोरणारं. दीड किलोवॉटचा एअर-कूल्ड स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, तिचा वेग ठरवणारा हुआनयांग व्हीएफडी, आणि कंट्रोल बोर्ड म्हणून आर्डुइनो उनोवर सीएनसी शील्ड आणि त्यात जीआरबीएल १.१ हे फर्मवेअर. तक्रार एवढीच, की प्रोग्रॅममध्ये एस८००० (मिनिटाला ८,००० फेरे) लिहा नाहीतर एस१८०००, स्पिंडल पूर्ण २४,००० वरच फिरतो. अ‍ॅक्रिलिक वितळून बिटाला चिकटायला लागलं होतं.

दुरुस्तीवाल्याने मीटर बाहेरच काढला नाही. "आयजीबीटी उडाला भाऊ, व्हीएफडीच बदलावा लागेल," म्हणाला. आयजीबीटी म्हणजे व्हीएफडीतला मोटरला वीज सोडणारा स्विच. १३,५०० रुपये घेऊन दुसरा व्हीएफडी बसवला आणि जुना "कंपनीत जमा करावा लागतो" म्हणून सोबत घेऊन गेला. वेग होता तसाच राहिला. मग ५,५०० रुपये घेऊन कंट्रोल बोर्ड बदलला आणि वेग ताब्यात आला. शेवटी स्पिंडलही कमजोर झालाय, तो १८,००० रुपयांत बदलून देतो, असं सुचवलं. कारागीर इथे थांबला, म्हणून पुढचं नुकसान टळलं.

यातला कुठलाही भाग बिघडलेला नव्हता. जुना बोर्ड सुदैवाने घरीच राहिला होता. तो संगणकाला जोडून कन्सोलमध्ये $$ (सेटिंगची यादी दाखवणारा आदेश) टाकल्यावर $३०=१००० दिसलं. $३० म्हणजे कमाल वेग. जीआरबीएलमध्ये त्याची मूळ किंमत १००० असते. ती तशीच असेल तर एस८००० आणि एस१८००० दोन्ही कमाल मर्यादेच्या वर जातात आणि बोर्ड दोन्ही वेळेला पूर्ण सिग्नल सोडतो. फर्मवेअरची आवृत्ती बदलली किंवा कोणी $आरएसटी=* चालवलं की सगळ्या किमती मूळ जागी जातात. $३०=२४००० टाकल्यावर जुना बोर्ड पहिल्यासारखा चालला. नव्या बोर्डावर दुरुस्तीवाल्याने हेच केलं होतं. सेटिंग बदलली दोन मिनिटांत, बिल लागलं बोर्डाचं.

आणि आयजीबीटीचं निदान तर ऐकतानाच खोटं ठरायला हवं होतं. आयजीबीटी जळला की व्हीएफडी ट्रिप होतो, एमसीबी पडतो, नाहीतर मोटर धडधडत अडखळते. २४,००० वर गुळगुळीत फिरणाऱ्या स्पिंडलमागे जळलेला आयजीबीटी असू शकत नाही. खात्री करायची तर व्हीएफडीच्या सेटिंगमधल्या पीडी००१ आणि पीडी००२ या दोन्ही किमती ० करायच्या, म्हणजे चालू-बंद आणि वेग दोन्ही पॅनेलवरून चालतात. तिथून १२० ते ४०० हर्ट्झपर्यंत (४०० म्हणजे पूर्ण २४,००० फेरे) वेग नीट चढला-उतरला, तर व्हीएफडी आणि स्पिंडल दोन्ही धडधाकट आहेत. दोष बोर्डापासून व्हीएफडीच्या टर्मिनलपर्यंतच्या वाटेत शोधायचा. कोणी "व्हीएफडी गेला" म्हणालं, तर आधी हे त्याच्याच हातून करवून घ्या.

पुढची तपासणी साध्या मल्टीमीटरने डीसी रेंजवर होते. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणारा स्वस्तातला मीटरही पुरतो. $३०=२४०००, $३१=० (किमान वेग) आणि $३२=० (लेझर मोड बंद) ठेवून एम३ एस१२००० द्या; एम३ म्हणजे स्पिंडल चालू. म्हणजे निम्मा वेग. उनोच्या ११ नंबरच्या पिनवर सरासरी २.५ व्होल्ट, पीडब्ल्यूएमचं (भराभर चालू-बंद होणाऱ्या वेगाच्या सिग्नलचं) ०-१० व्होल्ट करणाऱ्या छोट्या मॉड्यूलच्या आउटपुटला ५ व्होल्ट आणि व्हीएफडीवर २०० हर्ट्झ दिसायला हवेत. जिथे आकडा तुटतो, त्याच्या अलीकडे दोष.

पहिल्याच ठिकाणी एक सापळा आहे आणि त्यावर चांगले बोर्ड बाद ठरवले जातात. सीएनसी शील्ड व्ही३ वर "स्पिन-ईएन" छापलेली पिन ही १२ नंबरची. जीआरबीएल १.१ मध्ये स्पिंडलचा पीडब्ल्यूएम ११ नंबरवर येतो आणि शील्डवर ती पिन झेडच्या लिमिट स्विचच्या नावाने आहे. छापलेलं नाव बघून १२ वर मीटर लावला, तर एस काहीही द्या, ५ व्होल्टच दिसतात, कारण आता ती पुल-अप असलेली, म्हणजे आतून ५ व्होल्टला ओढलेली, लिमिटची पिन आहे. "पिन शॉर्ट झाली, बोर्ड गेला" हे निदान बहुतेकदा इथून येतं. $३२=१ राहिलं असेल तर लेझर मोड चालू असतो आणि जी० (नुसती जलद हालचाल) मध्ये असताना एम३ देऊनही स्पिंडल हलत नाही. तेव्हाही दोष बोर्डावरच ढकलला जातो.

मॉड्यूलला १२ व्होल्ट किंवा त्याहून जास्त वेगळा पुरवठा लागतो. आर्डुइनोचे ५ व्होल्ट दिले तर १० व्होल्ट निघणार कुठून? त्यावरच्या छोट्या स्क्रूने एस१२००० ला ५.० व्होल्ट जुळवा. मॉड्यूलचा ग्राउंड व्हीएफडीच्या एसीएम टर्मिनलला आणि आउटपुट व्हीआय टर्मिनलला. ईएसपी३२ च्या बोर्डांचा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो. बरीच मॉड्यूल त्याला दाद देत नाहीत, मधे लेव्हल शिफ्टर (सिग्नल ५ व्होल्टला चढवणारा भाग) घालावा लागतो.

व्हीआयला ५ व्होल्ट येतात आणि तरी वेग हलत नाही, तर पीडी००२ बघा. वेग टर्मिनलवरून घ्यायचा असेल तर तिथे १ हवं. निम्म्या आदेशाला पूर्ण वेग येत असेल तर पीडी०७० मध्ये १, म्हणजे ०-५ व्होल्ट, राहिलंय. ते ० करा. काही मॉडेलमध्ये पॅनेलचा नॉब की बाहेरचा सिग्नल हे ठरवणारा जंपरही असतो. तारांना हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून १० मिनिटं थांबा. कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. स्पिंडलकडे जाणाऱ्या यू-व्ही-डब्ल्यू टर्मिनलवर साधा मीटर लावू नका.

स्पिंडल "कमजोर" असल्याचा पुरावा म्हणून कारागिराला व्हीएफडीच्या पडद्यावरचा ११,५२० हा आकडा दाखवला होता. तो मोजलेला वेग नाहीच. पीडी१४४ मध्ये ५० हर्ट्झला किती फेरे ते लिहायचं असतं आणि मूळ किंमत १४४० असते. ४०० हर्ट्झला १४४० ची आठ पट केली की ११,५२०. दोन पोलच्या या स्पिंडलला तिथे ३००० हवं, मग पडदा २४,००० दाखवतो. हातातल्या लेझर टॅकोमीटरने कॉलेट नटवर चमकती पट्टी लावून मोजलं, तर खरा वेग लगेच कळतो.

याहून घातक म्हणजे "नवा" व्हीएफडी मूळ सेटिंगवरच सोडून देणं. पीडी००४ ५० वर राहिलं तर ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट मिळतात आणि ४०० हर्ट्झचा स्पिंडल खरोखर जळतो. पुढचं बिल मग स्पिंडलचं. आधी पीडी००५ (कमाल हर्ट्झ) आणि नंतर पीडी००४, दोन्ही ४०० करून घ्या. पीडी०११ (किमान हर्ट्झ) ला १२०, म्हणजे एअर-कूल्ड स्पिंडल पंखा मंदावून तापणार नाही. लकडगंजच्या त्या "नव्या" व्हीएफडीच्या पंख्यात लाकडाचा भुसा होता आणि टर्मिनलचे स्क्रू ओरखडलेले होते. पैसे देण्याआधी झाकणाच्या फटीत टॉर्च मारा.

नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत व्हीएफडी तापून ट्रिप होणं वेगळं. बहुतेक व्हीएफडी ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात. बंद कपाटातून बाहेर काढून पंखा साफ केला की चालतात, त्यासाठी नवा घेऊ नका.

जुना भाग कधीही जाऊ देऊ नका. काढण्याआधी त्याच्या सिरियल नंबरचा आणि सगळ्या पीडी किमतींचा फोटो घ्या. बिलावर दोष काय, तो कसा मोजला आणि नव्या भागाचा सिरियल नंबर लिहून मागा. बिल द्यायला नकार आला तर काम तिथेच थांबवा. फसवणूक झालीच असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेसाठी तिथे शुल्क नाही. मशीन धंद्याचं असलं तरी ते स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. तक्रारीत ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात लिहा.