वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर सहलींचं बुकिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी कशाचा अनुभव ते सांगून टाकतो. वर्डप्रेस (साइट बनवण्याची प्रणाली), त्यावर वूकॉमर्स (साइटचं दुकान करणारं प्लगिन, म्हणजे वरून जोडलेली सुविधा), तारखा आणि जागा सांभाळणारं बुकिंगचं प्लगिन, एक पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) आणि ईमेल पाठवायला वेगळी एसएमटीपी सेवा. विकायला ठरलेल्या तारखांच्या गटसहली, रोजच्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या आणि चार खोल्या. आठ महिन्यांत एक भर हंगाम येऊन गेला. सहली आणि फेऱ्यांसाठी ही मांडणी चोख आहे, खोल्यांसाठी कामचलाऊ. आणि डोकेदुखी झाली ती रंगसंगती किंवा थीमने (साइटच्या तयार रूपाने) नाही, जवळजवळ सगळी कॅलेंडरने आणि पैशांच्या नोंदीने. थीम निवडण्यात आठवडे घालवणाऱ्यांनी त्यातला निम्मा वेळ इकडे द्यावा.

फोटोंचं मात्र आधी उरकू, कारण सहलीची साइट फोटोंवरच जड होते. ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान करतं, त्यामुळे ‘आता काळजी नको’ असं वाटतं. पण मोबाइलच्या पडद्याला २५६० सुद्धा फार होतात. मुख्य फोटो १६०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या प्रकारात, २०० केबीच्या आत बसवून मगच चढवावा. दुसरी चूक जास्त छुपी आहे. बऱ्याच थीम वरचा मोठा फोटो सीएसएसमधली (पानाच्या सजावटीच्या नियमांतली) पार्श्वभूमी म्हणून लावतात. ब्राउझरला तो उशिरा सापडतो, आणि ६.३ आवृत्तीपासून महत्त्वाच्या फोटोला वर्डप्रेस जे प्राधान्य देतं, तेही त्याला मिळत नाही. साधा इमेज ब्लॉक ठेवला की दोन्ही प्रश्न मिटतात. पाच फोटोंचा स्लायडर तर काढूनच टाकावा. दुसऱ्या फोटोपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. एलसीपी (पानातला सर्वात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत हवा, सीएलएस (पान उघडताना मजकूर किती सरकतो त्याचं माप) ०.१ च्या आत. गूगलचा प्रत्यक्ष वापरकर्त्यांचा आकडा मागच्या २८ दिवसांचा असतो, म्हणून आज दुरुस्ती करून उद्या ‘काही फरक नाही’ म्हणू नये.

सहलीच्या पानावर मोबाइलवर सर्वात वर काय दिसतं, त्यावर पुढचे फोन ठरतात. पुढची उपलब्ध तारीख, माणशी एकूण रक्कम, किती तास किंवा दिवस, आणि जमण्याचं ठिकाण एवढं पहिल्या पडद्यावर बसायलाच हवं. ‘अमुक रकमेपासून सुरू’ लिहून कर, प्रवेशशुल्क आणि साहित्याचं भाडं शेवटच्या पायरीवर जोडलं, की लोक तिथूनच परत जातात आणि फोन करून भांडतात. जमण्याच्या ठिकाणाचा नुसता पत्ता पुरत नाही. नकाशावरची नेमकी खूण द्या, आणि पानावर जिवंत नकाशा चढवण्याऐवजी नकाशाचं चित्र लावून दाबल्यावर नकाशा उघडू द्या. वयाची अट, चालण्याचं अंतर, चढाई किती मीटर, रद्द केल्यास किती तास आधी किती टक्के परत, हे आकड्यांत लिहावं. ‘मध्यम अवघड’ या शब्दांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा.

कार्यक्रमाची पीडीएफ ठेवण्याची सवय सोडावी. पानावर वेळ बदलते, पीडीएफ जुनीच फिरत राहते आणि ग्राहक तीच पुढे करतो. तसंच पानाच्या यूआरएलमध्ये साल घालू नये. सहल भरली किंवा हंगाम संपला म्हणून पान उडवू नये. त्याच पानावर ‘या तारखा भरल्या’ आणि पुढच्या तारखेची सूचना मिळवण्याचा छोटा फॉर्म ठेवावा. दरवर्षी नवं पान केलं की शोधात कमावलेली जागा दरवर्षी शून्यावर येते.

आता कॅलेंडर. बुकिंगची प्लगिन सहसा जागा प्रत्येक उत्पादनापुरत्या मोजतात. एकच होडी सकाळच्या पक्षीनिरीक्षणाला आणि त्याच वेळेच्या खासगी फेरीलाही वापरली जात असेल, तर दोन्ही पानं आपापल्या जागा सुखाने विकतात. ज्या प्लगिनमध्ये सामायिक साधन, म्हणजे होडी, गाडी किंवा गाइड, वेगळं नोंदवून अनेक सहलींना जोडता येतं, तेच घ्यावं. बाकी सुविधा दुय्यम. दोन फेऱ्यांमध्ये साफसफाई आणि उशिराचा वेळ बफर म्हणून टाकावा आणि ऑनलाइन बुकिंग निघण्याच्या ठरावीक तास आधी बंद व्हावं. नाहीतर रात्री अकराला कुणीतरी पहाटे पाचची फेरी घेतं आणि गाइडला ते सकाळी सहाला कळतं. वेळेचा विभाग निवडताना ‘यूटीसी अधिक इतके तास’ न घेता शहराचं नाव निवडावं. जिथे उन्हाळी वेळ पाळतात तिथे तासांचा फरक निवडलेल्या साइटवर वर्षातला काही काळ घड्याळ चुकीचं चालतं.

अर्धवट सोडलेल्या बुकिंगचा प्रश्न सगळ्यात चिवट. पैसे न भरलेली ऑर्डर वूकॉमर्स मुळात ६० मिनिटं धरून ठेवतं. सहाच जागांच्या सहलीला भर हंगामात हा वेळ फार आहे. १५ ते २० मिनिटं पुरतात. पण आकडा कमी करूनही जागा अडकून राहतात, आणि कारण दुसरीकडेच असतं. ऑर्डर रद्द करण्याचं काम डब्ल्यूपी-क्रॉन (वर्डप्रेसची ठरल्या वेळी कामं करणारी सोय) करतं, आणि ते चालतं कुणीतरी साइटवर आल्यावर. त्यात पानं कॅशमधून (आधी बनवून साठवलेल्या प्रतीतून) जात असतील तर भेट होऊनही वर्डप्रेस जागं होत नाही. होस्टिंगच्या पॅनेलमधून दर पाच मिनिटांनी खरं, सर्व्हरचं क्रॉन लावलं आणि डब्ल्यूपी-क्रॉन बंद केलं, की जागा वेळेवर मोकळ्या होतात. बुकिंगच्या प्लगिनचं जागा धरण्याचं स्वतःचं सेटिंग असेल तर तेही जुळवावं. दोन घड्याळं वेगळी चालली की कुठली खरी हे शोधण्यात दिवस जातो. बँकेतून थेट रक्कम भरण्याचा पर्याय ठेवला असेल, तर तशी ऑर्डर ‘ऑन-होल्ड’, म्हणजे प्रतीक्षेत, जाते आणि आपोआप रद्द होत नाही. ती हाताने पाहायची कुणाची तरी जबाबदारी हवी.

याची उलट बाजूही आहे: जागा सुटली, दुसऱ्याला विकली गेली आणि मग पहिल्याचे पैसे जमा झाल्याचा निरोप आला. हे टाळता येत नाही, फक्त कमी करता येतं. अशा वेळी परतावा की पुढची तारीख, हे आधी लिहून ठेवलेलं बरं.

खोल्यांसाठी कामचलाऊ म्हणालो ते आयकॅलमुळे, म्हणजे कॅलेंडरची देवाणघेवाण करणाऱ्या फाइलमुळे. बुकिंग पोर्टलशी जुळवणी आयकॅलने होते तेव्हा फक्त कुठले दिवस व्यापलेले हे जातं. दर जात नाहीत, माणसं किती तेही जात नाही. शिवाय ही फाइल समोरचा त्याच्या सवडीने ओढून नेतो, काही वेळा तासांनी. मधल्या वेळात तीच खोली दोनदा विकली जाते. आपल्या बाजूने फाइल ओढण्यातलं अंतर कमी करून अर्धाच फायदा, कारण पोर्टल कधी ओढतं हे आपल्या हातात नाही. चार खोल्या असतील तर पोर्टलवर दोनच द्याव्यात, त्या स्वतःच्या साइटवर विकूच नयेत. हे पटत नसेल तर पोर्टलशी थेट एपीआयने (दोन प्रणालींमधल्या थेट संवादाने) जोडणारा चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळीकडच्या खोल्या एकत्र सांभाळणारी सेवा, घ्यावा, आणि मग खोल्यांचं बुकिंग वूकॉमर्समध्ये ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पैसे भरण्याच्या पानाची एक खास अडचण. वूकॉमर्स ८.३ पासून नव्या दुकानांना ब्लॉकवर आधारलेलं चेकआउट (पैसे भरण्याचं पान) मिळतं. जुन्या धाटणीच्या प्लगिनचे जादा रकाने, जसं सहप्रवाशांची नावं किंवा जेवणाची निवड, त्यात दिसतच नाहीत. चूकही दाखवली जात नाही. अशा वेळी त्या पानावर जुना शॉर्टकोड (चौकटी कंसातली छोटी सूचना) परत टाकावा. खरं तर तिथे नाव, फोन, ईमेल याहून जास्त विचारूच नये. बाकीची माहिती पैसे आल्यावर ईमेलमधल्या लिंकवरून घ्यावी. कार्ट आणि चेकआउट कॅशमधून वगळलेलं आहे का, हे सर्व्हरच्या पातळीवरच्या कॅशसाठीही तपासावं. वेबहुक, म्हणजे पैसे जमा झाल्याचा गेटवेकडून साइटला थेट जाणारा निरोप, लावलेलं नसेल तर पैसे भरून ब्राउझर बंद करणाऱ्याची ऑर्डर ‘पेंडिंग’च राहते आणि वर लिहिल्याप्रमाणे रद्दही होते! चाचणी सोपी: मोबाइल डेटावर पैसे भरा आणि धन्यवादाचं पान यायच्या आत टॅब बंद करा.

ईमेलसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) डोमेनवर हव्यात. पाठवणं एसएमटीपीने, बहुधा पोर्ट ५८७ वरून. चौकशीच्या फॉर्मचे मेल गायब होत असतील तर प्रेषकाच्या जागी ग्राहकाचा पत्ता टाकलेला आहे का पाहा. प्रेषक आपल्या डोमेनचा आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं.

स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) आठवडाभर नवी रचना करून ती एका बटणाने चालू साइटवर ढकलली, तर त्या आठवड्यातली बुकिंगं पुसली जातात, कारण डेटाबेसही सोबत जातो. ढकलायच्या त्या फक्त फाइली. सेटिंगचे बदल यादी करून हाताने. जुना बॅकअप परत चढवतानाही हेच, म्हणून आधी ऑर्डरची निर्यात काढून ठेवावी. फाइलींचा बॅकअप रोज पुरतो, डेटाबेसचा भर हंगामात तासाला हवा.

साइटवरच्या भेटींच्या मोजणीतलं एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. गूगल अॅनालिटिक्स ४ तपशीलवार माहिती मुळात २ महिनेच ठेवतं. १४ महिने करता येते, पण आधीची गेलेली परत येत नाही. हंगामी धंद्यात मागच्या हंगामाशी तुलना करायची तर हे लागतंच. पेमेंट गेटवेचं डोमेन ‘नको असलेले संदर्भ’ यादीत टाकलं नाही, तर सगळी विक्री गेटवेमधून आल्यासारखी दिसते. दोन भाषांची साइट असेल तर एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेचं हे शोधयंत्राला सांगणारी खूण) लावा, पण आयपी पाहून आपोआप भाषा बदलू नका; गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) बहुतेक अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो आणि त्याला एकच भाषा दिसत राहते. स्वतःच्या साइटवर स्वतःच्याच व्यवसायाची परीक्षणं मार्कअपमध्ये (शोधयंत्रासाठीच्या खुणांमध्ये) गुंडाळून शोधात तारे मिळतील ही आशा सोडा, २०१९ पासून गूगल ते दाखवत नाही.

देखभालीला महिन्याला चार-पाच तास लागतात. अपडेट आधी स्टेजिंगवर, मग चालू साइटवर, आठवड्याच्या सगळ्यात शांत सकाळी. लगेच एक खरं बुकिंग करून, ते रद्द करून, परतावा जातो का आणि जागा परत दिसते का पाहायचं. रक्कम परत केली म्हणून जागा मोकळी झालीच असेल असं नाही. ती कॅलेंडरमध्ये जाऊन पाहावी.