जुनी पत्र्याची शेड सामानासाठी: पावसाळा आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

१० बाय १२ फुटांची, लोखंडी चौकटीची जुनी शेड सोडवून आणली आणि नव्या जोत्यावर उभी केली. आता त्यात अवजारं, रंगाचे डबे, सायकली असं सामान आहे. मत सरळ आहे: सांगाड्यासाठी जुनी शेड जरूर घ्या, पत्र्यांच्या भरवशावर घेऊ नका. छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर सौदाच सोडा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि कापताना किंवा भोकं पाडताना त्याचे तंतू हवेत उडतात.

बघताना खांबांचे तळ आधी बघा. पाईप आतून गंजतो, वरून रंग शाबूत दिसतो. हातोडी मारली की खणखणीत वाजायला हवं; बद्द आवाज आला तर तेवढा तुकडा कापून नवा पाईप आणि बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) वेल्ड करणं आलंच. प्लेटला चारही कोपऱ्यांत १२ मिमीचे अँकर बोल्ट हवेत. अशी हलकी शेड वारा खालून उचलतो.

गळतीचं मूळ जुन्या भोकांत असतं. जे-हुकाचं (पत्रा धरणाऱ्या जुन्या वाकड्या बोल्टचं) भोक ८ ते १० मिमीचं, नवा सेल्फ-ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडणारा) स्क्रू साडेपाच मिमीचा. तो जुन्याच भोकात मारला तर त्याचं रबरी वायसर भोक जेमतेम झाकतं, पत्रा वाऱ्याने हलतो आणि महिन्याभरात थेंब सुरू. म्हणून नवा स्क्रू शेजारच्या उंचवट्यावर मारायचा आणि जुन्या भोकावर सीलंट लावून पत्र्याची चकती रिव्हेटने बसवायची. स्क्रू आवळताना रबर कडेने किंचित फुगलं की थांबा. जास्त आवळलं तर पत्रा दबतो आणि त्या खड्ड्यात पाणी साचतं. पत्र्यावर पत्रा लांबीत ६ इंच, रुंदीत दीड पन्हळ चढवा. ढाळ १० फुटांना दीड-दोन फूट ठेवा.

रंगाचं थोडक्यात: गंजलेल्या जागी तारेचा ब्रश आणि रेडऑक्साइड. जस्ताचा मुलामा शाबूत आहे तिथे मात्र एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून राहणारा पहिला हात, हवाच. ऑइल पेंट थेट मारला तर पापुद्रे निघतात.

थंडीत छत आतून ओलं झालं. ती गळती नव्हती. रात्री पत्रा गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागून पाणी धरते. सीलंट थापून हे थांबत नाही. दोन्ही त्रिकोणी भिंतींत वर आणि दाराशी खाली जाळीची झडप केल्यावर फरक पडला. पत्र्याच्या टोकांशी पन्हळींत फोम कोंबू नका, ६ मिमी जाळी लावा: हवा खेळते, उंदीर अडतात.

ओल जमिनीतून येते का, हे तपासायला दीड फूट प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने कोब्यावर चिकटवा. दुसऱ्या दिवशी खालची बाजू ओली निघाली तर ओल कोब्यातून वर येते आहे. तिथे सामान ४ इंच उंच फळ्यांवरच ठेवायचं. रॅक भिंतीपासून ३ इंच लांब असू द्या, वजन चौकटीला टांगू नका. पुस्तकं, गाद्या, पुठ्ठ्याची खोकी इथे टिकत नाहीत. झाकणाचे प्लॅस्टिक डबे टिकले, पण भरताना आतली वस्तू कोरडी हवी.