कोर्डेलिया झाली, आता सिंगापूरवरनं कुठलं जहाज नि कुठली केबिन?

आमचे साडू तासगावचे, द्राक्षबागायतदार. परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन, काय पावणं, झोपला का? म्हटलं बोला. तर म्हणे तुमच्या दोन कोर्डेलिया (मुंबईवरनं सुटणारी आपली क्रूझ हो) झाल्या, आमची एक झाली, आता सिंगापूरवरनं जायचं म्हणतोय, एजंटनं व्हॉट्सॲपवर कोटेशन टाकलीत, सगळ्यात बाल्कनीच लिहिलंय, मग डोळे झाकून स्वस्तातलं घेऊन टाकू का? मी म्हटलं थांबा जरा, पैसे भरू नका, उद्या लिहून पाठवतो. लिहायला बसलो तर लईच लांबलं. आम्हालाही दिवाळीत जायचंय म्हणून महिनाभर हेच बघत बसलो होतो, त्यामुळे डोक्यात सगळं ताजं होतं. सांगली-मिरज भागातले अजून कोण कोण हेच विचारत असतात म्हणून इथं टाकतोय.

आधी जहाजं बघू, कारण केबिन नंतर येते. कोर्डेलियाचं एम्प्रेस हे १९९० सालचं जहाज. त्याचा जन्म रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या घरातला, तेव्हा नाव नॉर्डिक एम्प्रेस होतं आणि तीन-चार रात्रीच्या छोट्या ट्रिपांसाठीच ते बांधलेलं होतं. म्हणजे तुम्ही कोर्डेलिया सोडून रॉयलकडं जाणार असाल तर एका अर्थानं जुन्या मालकाकडंच चाललाय. ग्रॉस टनेज साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार. हे वजन नव्हे बरं का, जहाजाच्या आतल्या जागेचं माप असतंय, लोक वजन समजतात. लांबी २११ मीटर.

आता याच्याशेजारी गेंटिंग ड्रीम ठेवा. २०१६ चं जहाज, दीड लाखाच्या वर टनेज, ३३५ मीटर लांब. आधी ते ड्रीम क्रूझेस नावाच्या कंपनीचं होतं, ती २०२२ मध्ये बसली आणि त्याच वर्षी रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस नावानं हे सिंगापूरवरनं परत सुरू झालं. आणि तिसरं रॉयल कॅरिबियन, म्हणजे मागच्या काही मोसमांत सिंगापूरला आलेली त्यांची क्वांटम वर्गातली, एकाच घडणीची जहाजं, स्पेक्ट्रम, अँथम, ओव्हेशन. ही सगळी एक लाख ६८ हजाराच्या वरची, लांबी ३४७-३४८ मीटर, म्हणजे आपली पंधरा डब्यांची एक्सप्रेस मिरजेच्या प्लॅटफॉर्मला उभी असते ना, तेवढं. ज्यांना एम्प्रेसवर एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला पाच मिनिटात जायची सवय झालीय त्यांना हे पहिल्या दिवशी जड जाणार. आमच्या आईचे गुडघे बघता मला टनेजपेक्षा लिफ्ट केबिनपासनं किती लांब आहे याचीच काळजी जास्त.

पण साडूंच्या बाबतीत जहाजाच्याही आधी महिना येतो. बागायतदार माणूस, ऑक्टोबरला फळछाटणी, मग माल उतरेपर्यंत मान वर करायला सवड नाही, एप्रिलला खरडछाटणी. मोकळे कधी, तर जुलै-ऑगस्ट. आणि नेमकं तेव्हा मुंबईकडनं जहाज नसतं, पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो म्हणून कोर्डेलिया मागच्या काही वर्षांत त्या दिवसांत चेन्नईकडं जाऊन श्रीलंकेच्या ट्रिपा करत होती. म्हणून तर त्यांना सिंगापूर सुचलं.

सिंगापूरवरनं वर निघालं की मलाक्काची सामुद्रधुनी लागते. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळं आत पाणी बऱ्यापैकी शांत. मलेशियातली पोर्ट क्लांग, पेनांग ही बंदरं, इथपर्यंत पावसाळ्यातही फार हेलकावे नाहीत. फुकेट मात्र अंदमान समुद्रावर उघडं पडतं, आपला पाऊस तोच त्यांचा पाऊस, आणि मोठी जहाजं तिथं पातोंगसमोर नांगर टाकून छोट्या बोटीनं माणसं किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपला आगत्तीला बोटीत उतरलेलं आठवतंय ना, तसंच. लाटा असल्या तर उतरवतच नाहीत, फुकेटसाठी पैसे भरायचे आणि फुकेट लांबनं बघायचं. म्हणून जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर पेनांगवाली ट्रिप घ्या, फुकेटच्या फोटोवर जाऊ नका. उलट डिसेंबर-जानेवारीत फुकेटकडं चांगलं असतं आणि व्हिएतनामच्या बाजूच्या ट्रिपांना ईशान्य मोसमी वाऱ्यामुळं हलायला होतं. रॉयलची जहाजं मोसमाप्रमाणं इकडं तिकडं जात असतात, तुमच्या तारखेला त्यांचं एखादं जहाज सिंगापूरला आहे का तेच आधी बघायला लागतं. गेंटिंग ड्रीमच्या ट्रिपा दोन-तीन रात्रीच्या, पटापट सुटणाऱ्या. रॉयलच्या तीन, चार, पाच रात्रीच्या.

आता केबिन. इथंच सगळे फसतात. एम्प्रेसवर इंटिरियर, म्हणजे बिनखिडकीची आतली खोली, शंभर-सव्वाशे स्क्वेअर फुटाची, दोघांनी एकाच वेळी बॅग उघडली तर एकानं पलंगावर चढून बसायचं. त्यात काही चुकीचं नाही, छोट्या ट्रिपांसाठीच बांधलेलं जहाज आहे, लोकांनी डेकवरच असावं हा हिशोब. तिथं बाल्कनी म्हणजे सूटच्या दर्जाचं काम, मोजक्याच खोल्यांना. क्वांटमवर साधी इंटिरियर १६६ स्क्वेअर फूट आणि बाल्कनीवाली खोली १९८, बाल्कनी वेगळी. म्हणजे एम्प्रेसच्या इंटिरियरचा धसका घेऊन इथं बाल्कनीच पाहिजे म्हणणाऱ्यानं आधी विचारावं की मला जागा पाहिजे होती का समुद्र पाहिजे होता. नुसती जागा पाहिजे असेल तर इथली इंटिरियरसुद्धा तुम्हाला ऐसपैस वाटेल. आणि क्वांटमच्या बऱ्याच इंटिरियरमध्ये व्हर्च्युअल बाल्कनी असते, म्हणजे भिंतीवर जमिनीपासनं छतापर्यंत ८० इंची स्क्रीन आणि त्यात बाहेरचा समुद्र लाइव्ह. पोरांना लई आवडतं. झोपताना बंद करता येतं. गेंटिंग ड्रीमवर बाल्कनीच्या खोल्या भरपूर, एकूणातल्या जवळपास पाऊण खोल्या बाल्कनीच्याच, आणि आकारही दोनशेच्या वर, त्यामुळं तिथं बाल्कनी म्हणजे चैन राहिलेली नाही, नॉर्मल खोलीच ती. आता कळलं ना एजंटच्या कोटेशनवरचा बाल्कनी हा शब्द वाचून काहीच का कळत नाही ते.

आमच्या घरातलं सांगतो. आम्ही चौघं, मी, बायको, आई आणि अकरा वर्षांचा पोरगा. कोर्डेलियाला चौघं एका ओशन व्ह्यूत, म्हणजे समुद्राकडं खिडकीवाल्या खोलीत राहिलो, वरनं उघडणारे दोन बर्थ, पोरगा वर, मी वर, रात्री उतरताना माझा पाय बायकोच्या मोबाईलवर. हसलो, भागलं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी लागतं म्हणून चौघं एकात हे स्वस्त पडतं यात वाद नाही. पण यावेळी चार रात्री आहेत आणि आईला पहाटे चारला जाग येते. लाइट लावला की सगळे उठणार, नाही लावला तर ती अंधारात चाचपडत बाथरूमला जाणार, आणि इंटिरियरचा अंधार म्हणजे घरातल्या देवघरासारखा मंद नसतो हो, विहिरीत उतरल्यासारखा गच्च असतो. म्हणून मी वेगळं गणित मांडलं, आई आणि बायकोला बाल्कनी, आणि समोर कॉरिडॉरच्या पलीकडं मी आणि पोरगा इंटिरियरमध्ये. दोन खोल्या, दोन बाथरूम, सकाळी आंघोळीची लाइन नाही. आई बाल्कनीत खुर्ची टाकून जप करत उजाडायची वाट बघेल, आमचा गडी नऊपर्यंत अंधारात घोरेल. चौघांच्या एका बाल्कनीपेक्षा हे महाग पडतंच, पण आम्हाला वाटलं होतं तेवढं नाही. दोन्हीची कोटेशन मागून शेजारी ठेवून बघा.

जागा कुठली हे मात्र कोटेशनवर कधीच नसतं, मागूनच घ्यायला लागतं. हेलकावे सगळ्यात कमी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. पुढचं टोक वर-खाली जास्त होतं, झोपाळ्याच्या कडेला बसल्यासारखं. दुसरं म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडं केबिनच असल्या पाहिजेत. क्वांटमवर पूल आणि बुफे १४ व्या डेकवर आहे, म्हणजे १३ व्या डेकची खोली दिसायला उंच, भारी, पण डोक्यावर पहाटे साफसफाईसाठी खुर्च्या ओढणार. तळाच्या केबिनखाली थिएटर-रेस्टॉरंटचे मजले येतात. म्हणून सात ते दहा, मधोमध, लिफ्टपासनं थोडं बाजूला, अगदी समोर नको, रात्री दीडला पण लोक लिफ्टसमोर गप्पा हाणत असतात. हे मी अक्कलखाती शिकलोय. एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर दुसरीकडनं एक क्रूझ केली होती, कंपनीचं नाव जाऊ दे, डेक प्लॅन न बघता सगळ्यात वरची खोली हौसेनं मागितली आणि तीन रात्री डोक्यावर फर्निचर फिरत होतं. कनेक्टिंग दाराची खोली पण ओळखीचं कुणी पलीकडं नसेल तर नको, दारातनं पलीकडची खोकल्याची ढास ऐकू येते.

आणि गॅरंटी केबिन. हा शब्द ऐकायला किती विश्वासाचा. त्याचा अर्थ प्रकार नक्की, खोली कुठली ते कंपनी ठरवणार, तुम्ही पुढच्या टोकाला गेलात तरी तक्रार नाही. साडूंची ती स्वस्तातली बाल्कनी गॅरंटीच निघाली. एजंटला विचारलं तर म्हणाला साहेब, झोपायलाच तर जाताय. दोघं जण तब्येतीनं ठणठणीत असतील तर मी पण गॅरंटी घ्यायला सांगतो, पैसे खरंच वाचतात. सोबत वयस्कर माणूस असेल तर नको.

खाण्याचं थोडक्यात. कोर्डेलियावर आपलं जेवण मुख्य आणि बाकीचं बाजूला, जैनसुद्धा मिळतं. गेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवासी लई असतात, भारतीय शाकाहारी आणि जैन दोन्हीची सोय आहे. रॉयलवर मिळतं, पण आधी कळवलेलं बरं, आणि रोज त्याच त्या पनीरची तयारी ठेवा. भडंगाची सीलबंद पाकिटं न्या, घरचा डबा चढू देत नाहीत. तंबाखूची पुडी मात्र घरीच ठेवा साडूभाऊ, सिंगापूरला चघळायची तंबाखू बंदी आहे, च्युइंगम पण, आणि खसखस सुद्धा, त्यामुळं वहिनींनी लाडू दिले तर त्यात काय घातलंय ते विचारा.

पैशाचं सरळ शेजारी ठेवून सांगतो. कोर्डेलियाला सांगलीतनं महालक्ष्मीत बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथनं टॅक्सीनं बॅलार्ड पियर, आधार कार्ड दाखवलं की झालं. सिंगापूरला पासपोर्ट, तोही परतल्यानंतर पण मुदत शिल्लक असलेला, निदान सहा महिने, मग सिंगापूरचा व्हिसा, आणि तो एकदाच आत सोडणारा चालत नाही, कारण जहाज परत सिंगापूरलाच येतंय. साडेपाच तासांचं विमान, बहुतेक एक रात्र हॉटेल. मलेशिया-थायलंडचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी बघा. त्याशिवाय परदेशी पॅकेज म्हणून टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापतात, तो रिटर्न भरताना जमा धरला जातो पण तोवर अडकतो. आणि जहाजावरची टिप, म्हणजे ग्रॅच्युइटी, रॉयलवर साध्या केबिनला माणशी रोज साडेअठरा डॉलरच्या आसपास, पोरांनाही तेवढीच. आम्ही चौघं चार रात्री म्हणजे जवळपास तीनशे डॉलर, आणि हा आकडा कोटेशनमध्ये कुठंच नव्हता. गेंटिंगवरही ती वेगळीच लागते. रॉयलवर दारूचं पॅकेज घ्यायचं तर खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायला लागतं हा त्यांचा नियम, म्हणजे मी आईबरोबर एका खोलीत असतो तर आईच्या नावानं पण पॅकेज! दोन खोल्यांचा हा अजून एक फायदा, बायकोला सांगितलेला नाही.

जुन्या कंपनीकडं जमलेले पॉइंट, मेंबरशिप वगैरे नवीनकडं चालत नाही, पहिल्या इयत्तेपासनं सुरुवात. दोन-तीन ट्रिपांत असं काय मोठं जमलेलं नसतं म्हणा, त्यावर अडून राहू नका.

तर साडूंना मी गेंटिंग ड्रीम सांगितली, ऑगस्ट, तीन रात्री, पेनांगवाली, मधली बाल्कनी, खोलीचा नंबर हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. ते दोघंच जाणार, पहिल्यांदाच परदेश, जेवणाचं टेन्शन नाही, आणि दीड लाख टनेजच्या जहाजात बाल्कनीत बसून चहा प्यायला त्यांना आवडेल. आम्ही दिवाळीला रॉयल, कारण पोराला ते समुद्रापासनं ३०० फूट वर नेणारं काचेचं कॅप्सूल आणि बंपर कार सोडून दुसरं काही दिसतच नाहीये. एखाद्याला दोन-तीन दिवस नुसतं निवांत पडायचं असेल, वर लक्षद्वीप अजून बघितलेलं नसेल, तर मी अजूनही म्हणीन आधी कोर्डेलियाच करा, ते पाणी सिंगापूरला बघायला मिळत नाही.

आज सकाळी परत फोन आला. खोली नंबर मिळाला म्हणाले, मधलीच आहे. आता फक्त वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि एजंटनं बुकिंग सासरच्या नावानं केलंय, ते बदलून घ्यायला आज दुपारी चाललेत.